शिंगं झाकून पाहा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘निसर्गातील अद्भुत कीटक’ असा विषय छापला आहे. तो मी दिलेला नाही. मी फोनवर ‘ऑक्सिरॅकिस’ म्हणालो होतो. पलीकडे थोडा वेळ शांतता झाली आणि मग पत्रिकेत हे आलं. संयोजकांना दोष देत नाही. ऑक्सिरॅकिस ऐकायला संध्याकाळी साडेसहाला कोण घराबाहेर पडेल? पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या सरांना ‘अद्भुत’ हा शब्द चालत नसे. वर्गात कुणी तो वापरला की ते शांतपणे विचारायचे, “अद्भुत म्हणजे किती पायांचं?”

तेव्हा आज पायांपर्यंत जायचं आहे.

मी नववीत असताना सरांनी आम्हाला ओढ्याकाठच्या बाभळींकडे नेलं. पावसाळा सरत आलेला, कोवळे शेंडे फुटलेले. एका हिरव्या फांदीकडे बोट करून ते म्हणाले, “यातला एक काटा मोड.” बाभळीचे काटे जोडीने येतात आणि पांढुरके, सरळ असतात, हे आम्हाला पाठ होतं. मी त्यातल्या एका करड्या, जरा बुटक्या काट्याला हात घातला. टक् असा बारीक आवाज झाला आणि काटा नाहीसा झाला. दोन हातांवरच्या दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, “तो गेला ते सोड. मुंगळे कुठे निघालेत ते बघ.”

फांदीवरून काळ्या मुंगळ्यांची रांग वर-खाली चालली होती. वर काट्यांच्या घोळक्यात बिनशिंगांची, चपटी, काळपट पिल्लं फांदीला चिकटून बसली होती. मुंगळा मिशांनी पिल्लाच्या अंगावर थोपटायचा, पिल्लू आपलं नळीसारखं शेपूट उचलायचं, त्याच्या टोकावर पाण्यासारखा थेंब यायचा आणि मुंगळा तो पिऊन टाकायचा. गवळी आणि गाय. इंग्रजीत या किड्यांना ‘काऊ बग’ म्हणतात, आपल्याकडच्या शेतकी पुस्तकांतही तेच नाव देवनागरीत येतं. ते शिंगांवरून पडलं असावं. पण मला ते या दुधावरूनच जास्त पटतं. आजच्यापुरतं मी त्यांना काटाकिडा म्हणणार आहे.

हा किडा चोच खुपसून झाडाचा रस पितो. रसात साखर फार आणि कामाचं नत्र थोडं. म्हणून तो भरपूर पितो आणि नको असलेली साखर मागून सोडून देतो. ती मुंगळ्यांची मेजवानी. त्या बदल्यात मुंगळे कोळी आणि इतर शिकारी किडे यांना जवळ फिरकू देत नाहीत. तुरीच्या शेतात ज्यांनी असे घोळके पाहिले असतील त्यांना हे नवीन नाही.

आता एका शब्दाचा निकाल लावू. वर्तमानपत्रात रोज वाचतो, ‘दुर्मीळ प्रजातीचा साप आढळला’. लिहिणाऱ्याला तिथे ‘जाती’ म्हणायचं असतं. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत जाती म्हणजे एक घर, प्रजाती म्हणजे त्या घरांची भावकी आणि कुल म्हणजे अख्खा गाव. काटाकिड्यांच्या गावाचं नाव मेम्ब्रॅसिडी. त्यात तीन हजारांहून जास्त जाती आणि चारशेच्या आसपास प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. माझा आजचा विषय भावकीचा आहे. एखादा किडा या भावकीतला की त्या, हे ठरवायचं कशावरून?

शिंगांवरून, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो असतो.

शिंग म्हणतो खरं, पण ते डोक्यावर नसतं. कीटकाच्या छातीचे तीन भाग असतात. त्यातल्या पहिल्या भागाचं पाठीवरचं कवच काटाकिड्यांत बेसुमार वाढतं. डोक्यावर छपरासारखं येतं, दोन्ही बाजूंना शिंगं काढतं आणि मागे शेपटीसारखा लांब काटा पाठीवरून नेतं. बाभळीवरच्या आपल्या किड्यात एवढंच आहे आणि सगळं मिळून लांबी जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर. अमेरिकेत गेलात तर कवचाने ताळतंत्र सोडलेलं दिसेल. ब्राझीलमधल्या बोसिडियमच्या कवचावर दांडी उभी असते आणि दांडीवर लोंबत्या गोट्यांचं झुंबर. सायफोनियाच्या काही जातींच्या पाठीवर आख्खी मुंगी बसवलेली दिसते. मुंगी खोटी, कवचाची. अंबोनिया तर गुलाबाच्या काट्यासारखा.

इतकं ठळक काही समोर असताना नजर दुसरीकडे जाईल कशी? विज्ञानाचीही गेली नाही. लिनियसने १७५८ साली युरोपातला एक शिंगवाला काटाकिडा नोंदवला तो किर्र करणाऱ्या सिकाडात टाकून. नाव दिलं सिकाडा कॉर्न्यूटा, म्हणजे शिंगवाली. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ साली मेम्ब्रॅसिस ही प्रजाती काढली आणि काटाकिड्यांसाठी वेगळी खोली झाली. त्याच वर्षी त्याने मेम्ब्रॅसिस टॉरस हे नाव छापलं. टॉरस म्हणजे बैल. १७९८ साली मेम्ब्रॅसिस टॅरँडा. हा शब्द रेनडिअरच्या नावातला, टॅरँडस. थंड प्रदेशातल्या माणसाला बाभळीवरच्या किड्याच्या शिंगांत रेनडिअर दिसला. आपल्याकडच्या कुणी नाव ठेवलं असतं तर खिल्लारी झालं असतं.

पुढे ही एक खोलीही दाटली आणि भिंती घालायला सुरुवात झाली. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या गेर्मारने ऑक्सिरॅकिस वेगळी केली. ग्रीकमध्ये अर्थ ‘टोकदार कणा’. रेनडिअर तिच्यात गेला. स्टॉकहोमच्या स्टोलने १८६६ साली लेप्टोसेंट्रस, म्हणजे ‘बारीक काटा’, काढली आणि बैल तिच्यात गेला. ट्रायसेंट्रसही त्याचीच, ‘तीन काटे’. नावांकडे पाहा: कणा, काटा, काटे. खोलीला भिंत कुठे घालायची ते अजून शिंग आणि शेपूटच सांगत होते.

याचा कळस जॉर्ज बकटन या इंग्रज गृहस्थांनी केला. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, नंतर मावा किडीचे जाणकार. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांनी जगातल्या सगळ्या काटाकिड्यांचा ग्रंथ लिहायला घेतला. तो १९०१ ते १९०३ मध्ये निघाला. चित्रं इतकी की पानं उलटताना मजा येते, एकेक शिंग डौलात काढलेलं. तुरीवरचा ओटिनोटस ज्या प्रजातीत आहे ती प्रजाती याच ग्रंथात जन्मली. पण त्यांच्या चुका निस्तरण्यात पुढच्या अभ्यासकांचा बराच वेळ गेला. ऐंशीच्या पुढे डोळे, हात, आणि समोर दूरदेशींच्या टाचणीला टोचलेले सुके किडे. या माणसाची चेष्टा करायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी जे दिसलं ते काढलं. फक्त जे दिसत होतं ते नेमकं फसवं होतं.

भारतातल्या काटाकिड्यांची पहिली शिस्तशीर मांडणी विल्यम डिस्टंट यांनी १९०८ साली केली, ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या एका खंडात. डिस्टंट आयुष्यातली बरीच वर्षं लंडनच्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरीला होते. दिवसा कातडी, उरल्या वेळात किडे. पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांना अर्धवेळ काम मिळालं. सरांकडे त्या खंडाची झेरॉक्स होती, कापडी पुठ्ठ्यात बांधलेली. डिस्टंटनंतर आपल्याकडे मोठं काम मद्रासकडच्या मंडळींनी केलं. अनंतसुब्रमण्यन यांचा या कुलावरचा खंड भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९९६ साली काढला. आज कुणाला हा नाद लागला तर त्याने तिथून सुरुवात करावी.

मला नाद लागला तेव्हा ते पुस्तक निघायचं होतं. माझ्याकडे सरांची झेरॉक्स होती आणि आत्मविश्वास होता. घाटमाथ्यावरच्या एका गावी एकाच झुडपावरून मी चाळीसेक किडे आणले. काहींच्या खांद्यावर दोन चांगली शिंगं, काहींचं कवच गुळगुळीत. शिंगवाले ट्रायसेंट्रस, बिनशिंगांचे गारगारा. गारगाराला शिंगं नसतात हे पाठ होतं. दोन पेट्या, दोन चिठ्ठ्या. एका झुडपावर दोन प्रजाती एकत्र नांदतात, यावर मी टिपणही लिहिलं आणि एका जाणकारांना दाखवायला पाठवलं. पोस्टकार्डावर उत्तर आलं. “एका पेटीत सगळ्या माद्या आणि दुसरीत सगळे नर आहेत, हे आपण पाहिलंच असेल. अभिनंदन.”

पाहिलं नव्हतं. ट्रायसेंट्रसच्या काही जातींत नराची शिंगं आखूड असतात, काहींत जवळजवळ नसतातच. मी नवरा-बायकोला दोन वेगळ्या भावक्यांत घातलं होतं.

ते पोस्टकार्ड घेऊन सरांकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ते वाचलं, मागे-पुढे करून पुन्हा वाचलं, आणि कपाटातून जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा काढला. त्याला ब्लेडने नखाएवढी खाच पाडलेली होती. भिंगाखाली किडा ठेवून त्यांनी तो पुठ्ठा असा सरकवला की शिंगं झाकली गेली. बाकी अंग खाचेतून दिसत राहिलं. “आता सांग.”

तो पुठ्ठा आज माझ्याबरोबर आहे. हळदीचा डाग अजून तसाच आहे.

शिंगं झाकली की काय उरतं? रटाळ गोष्टी. पहिली म्हणजे ढालिका. दोन पंखांच्या मुळांमध्ये पाठीवर एक त्रिकोणी तुकडा असतो. ढेकणाच्या जातभाईंत तो मोठा दिसतो, काटाकिड्यांत तो बहुधा शेपटीच्या काट्याखाली दबलेला असतो. तो उघडा आहे की कवचाने पूर्ण झाकला आहे, ही मोठी खूण. लेप्टोसेंट्रस, आपला बैल, एका कुशीवर कलता करा. शेपटीचा बारीक काटा ढालिकेला टेकत नाही, कमान करून वर उचललेला असतो आणि मधल्या फटीतून उजेड दिसतो. पहिल्यांदा तो उजेड मला दिसला तेव्हा मी भिंगावरून डोकं काढलं आणि खोलीत दुसरं कुणी आहे का ते पाहिलं, सांगायला.

दुसरी गोष्ट चेहरा. कपाळाची पट्टी खाली किती उतरते, डोळ्यांमधले दोन साधे नेत्रबिंदू एकमेकांपासून किती लांब आहेत. तिसरी, पंखांवरच्या शिरा, कुठे फुटतात, कुठे आडव्या शिरेने जोडल्या जातात. चौथी, मागचे पाय. ट्रायसेंट्रस ओळखायचा तर मागच्या पायाच्या मुळाशी आतल्या बाजूला बारीक दात आहेत का ते पाहतात. माझ्या दोन्ही पेट्यांत ते होते, शिंगं असोत-नसोत. आणि पाचवी, जिच्याबद्दल शाळेत सर बोलत नसत, नर-मादीची जननांगं. पोटाचं टोक अलगद सोडवायचं, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करून मऊ भाग विरघळवायचा आणि उरलेला कठीण सांगाडा ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा. किड्याची शिंगं कशीही असोत, हा भाग बहुधा खोटं बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शिंग बदलतं आणि पाय बदलत नाहीत, असं का? याचं उत्तर शोधताना गेल्या पंधरा वर्षांत भांडण झालं आणि ते सांगण्यासारखं आहे. २०११ साली ‘नेचर’मध्ये फ्रान्समधल्या प्रुदोम, गोंपेल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हे शिंगांचं शिरस्त्राण म्हणजे साधं वाढलेलं कवच नाही, ती पंखांची तिसरी जोडी आहे. आजच्या कीटकांत पंख छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागावर असतात, पहिल्यावर कधीच नाहीत. म्हणजे कोट्यवधी वर्षांत न घडलेलं काही इथे घडलं, असा तो दावा होता. वर्षभरातच शरीररचनेचे अभ्यासक तुटून पडले. सांधा म्हणता तो सांधा नाही, पंख नाही, कवचाची घडीच आहे. मग २०२० साली अमेरिकेतल्या सेरा फिशर आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली. शिरस्त्राण घडत असताना त्यात चालू असलेली जनुकं पंखांतल्यांशी जवळची निघाली. पंख नव्हे, पण पंख घडवण्याची कारागिरी पाठीच्या कवचाने उसनी घेतली, असं आज बहुतेक जण मानतात.

मला त्या वादात बाजू घ्यायची नाही. त्यातून निघतं ते मला कामाचं वाटतं. उसन्या कारागिरीवर वाढलेल्या या भागाला उडायचं नाही, चालायचं नाही, खायचं नाही. पंख वाकडा झाला तर किडा पडेल; शिंग वाकडं झालं तर फारसं बिघडत नाही. म्हणून तो भाग मोकाट सुटतो आणि चटकन बदलतो. चटकन बदलणारी गोष्ट जाती ओळखायला बरी, प्रजाती ठरवायला वाईट. शिंगाचं कामही एकच नाही. काटा दिसणं, मुंगी दिसणं, गिळणाऱ्याच्या घशात अडकणं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी अलीकडे दाखवलं की असलं टोकदार अंग गांधीलमाशीसारख्या भक्षकाची स्थिर विद्युत ओळखायलाही मदत करू शकतं. इतकी कामं एका अवयवाला दिल्यावर दोन अनोळखी भावक्यांत सारखी शिंगं येणारच.

आता आपल्या ऑक्सिरॅकिसकडे येऊ, कारण झाकापाकीच्या नियमालाही त्याने गंडवलं आहे. जुन्या जगात, म्हणजे आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात, काटाकिडे जवळपास सगळे एकाच उपकुलातले, सेंट्रोटिनी. त्यांची ढालिका उघडी. अमेरिकेतल्या बऱ्याच उपकुलांत ती कवचाखाली झाकलेली. आपला ऑक्सिरॅकिस बाभळीवर, पण ढालिका झाकलेली. म्हणून बरीच वर्षं त्याला स्वतंत्र उपकुलाचा मान होता. शिंग सोडून ढालिका पाहिली, आणि ढालिकेने फसवलं. पुढे पंखांच्या शिरा, पाय, अंगावरचे केस असे कितीतरी गुण एकत्र मांडून तुलना झाली. अमेरिकेतल्या वॉलेस आणि डाइट्झ यांनी २००४ साली अख्ख्या सेंट्रोटिनीची फेरमांडणी केली, त्यात ऑक्सिरॅकिस त्याच उपकुलात एक गट म्हणून राहिला. झाकलेली ढालिका त्याने स्वतःच्या वाटेने मिळवली. एकाच खुणेवर विसंबलं की अशी गत होते, मग ती खूण कितीही रटाळ असो.

जाता जाता आणखी एक. जनुकांच्या तुलनेत आता असं दिसतं की काटाकिड्यांचं अख्खं कुलच तुडतुड्यांच्या विस्तारातून फुटलेली फांदी आहे. कपाशीवर फवारणी करताना ज्यांना आपण शिव्या घालतो तेच तुडतुडे. गावाचं गाव दुसऱ्या गावची वाडी निघाली. कागदोपत्री नावं अजून बदलली नाहीत. महसूल खात्यासारखंच आहे ते.

नवी प्रजाती आजही निघते. २०२० साली इलिनॉयमधल्या ब्रेंडन मॉरिस आणि ख्रिस डीट्रिक यांनी निकाराग्वातल्या एका काटाकिड्यासाठी काइकाया ही नवी प्रजाती काढली. किडा वर्षानुवर्षं संग्रहालयाच्या खणात पडून होता. प्रसिद्धी मिळाली ती जातीच्या नावाने, ‘गागा’, चित्रविचित्र पोशाख करणाऱ्या त्या गायिकेवरून. सगळ्या बातम्या शिंगांबद्दल. पण तो वेगळा काढला तो चेहरा आणि जननांगं यांचं साम्य कॅरिबियनकडच्या काटाकिड्यांशी निघालं म्हणून. शिंगांनी मथळा मिळवला, काम दुसऱ्यांनी केलं.

आणि जिथे अंगावरच्या सगळ्या खुणा संपतात, तिथे काय करायचं? अमेरिकेत एन्केनोपा बायनोटाटा नावाचा काळा, पाठीवर दोन पिवळे ठिपके असलेला काटाकिडा आहे. १८२४ पासून ती एक जाती. टॉमस वूड नावाच्या संशोधकाने अनेक वर्षं तिच्यामागे घालवली आणि लक्षात आणून दिलं की ही एक जाती नाही, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. अक्रोडावरची अक्रोडावरच, दुसऱ्या झाडावरची दुसऱ्याच झाडावर. अंडी फांदीत घातलेली असतात. वसंतात त्या झाडात रस चढला की ती फुटतात. झाडाझाडाची वेळ वेगळी, म्हणून पिल्लांची वेळ वेगळी आणि लग्नाची वेळही वेगळी. त्यात प्रत्येकीचं गाणं वेगळं. काटाकिडे फांदीतून बोलतात. नर अंग थरथरवतो, ते कंपन लाकडातून जातं, मादी पायांनी ऐकते आणि उलट उत्तर देते. हवेतून आपल्याला काही ऐकू येत नाही.

हे वाचल्यावर मी गिटारला लावतात तसला चिमटा घेतला, जोडणी केली आणि त्याच ओढ्याकाठी गेलो. बाभळी आता थोड्याच उरल्या आहेत. बरीचशी वेडी बाभूळ झाली आहे. चिमटा फांदीला लावला, कानाला यंत्र. आधी वारा. मग तडतड असा आवाज, मुंगळ्यांचे पाय. वीस-पंचवीस मिनिटं एवढंच. आणि मग खालून आल्यासारखा एक घुमा आवाज, मोटेच्या चाकाचा लांबून येतो तसा, थांबला, परत आला. कोण कुणाला काय म्हणालं माहीत नाही. सर असते तर त्यांनी विचारलं असतं, सेकंदाला किती कंपनं? मोजायला हवी होती.

असो, वेळ संपत आली. मागच्या टेबलावर मी दोन पेट्या ठेवल्या आहेत, दोन भिंगं, आणि तो हळदीचा पुठ्ठा. पेटीतल्या चिठ्ठ्या जुन्याच आहेत, एकीवर ट्रायसेंट्रस, एकीवर गारगारा. मी त्या बदललेल्या नाहीत. सर म्हणाले होते, जुनी चिठ्ठी काढायची नाही, खाली नवी टोचायची. लहान मुलांनी आधी या. टाचणीला डोक्याकडून धरा, किड्याला हात लावू नका. आणि पुठ्ठा पाहून झाला की जागेवर ठेवा, दुसरा नाही.